पहिल्या रविवारची कडी

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली, की आमचे हे पांघरूण डोक्यावर ओढून म्हणायचे, "मार्थामावशी आल्या. ऊठ, आज तुझी पाळी दिसते." पाळी बहुतेक वेळा माझीच असायची. मावशी पायरीवर उभ्या. पांढरी साडी, काखेत पर्स, आणि बसायला तयार नाहीत. "पोरी, माफ कर मले. परवा मी तुयाबद्दल मनात वाईट बोलली."

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून गप्प कोण बसेल? "काय बोललात?" असं मी विचारायचे आणि तिथंच फसायचे. कारण मावशी सांगायच्या! "म्हनली, एवढी मास्तरीन झाली, पन वरन असं पानचट करते का त्यात मासोळी पोहीन." मी "केलं माफ" म्हणायचे आणि दिवसभर त्या वरणाकडे बघून धुसफुसत राहायचे. शेजारच्याच घरात राहणाऱ्या बाईशी भांडून जाणार कुठं?

आमच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. बाकांवरून भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले फिरतात. कुणाशी वाकडं असेल तर ते आधी सरळ करावं, मग ताटाला हात लावावा, अशी रीत आहे. बाकीची मंडळी जमलं तर झालेली भांडणं मिटवतात. मावशींना न झालेली भांडणंही मिटवायची असत. उपासनेची वेळ होईपर्यंत त्या ऑटो करून अमरावतीच्या गल्लीबोळांतून माफी मागत फिरायच्या. नोकरी नर्सची झालेली, त्यामुळे पालुपदही तसंच, "आतून धुतलं नाई तं वरून मलम लावून काय फायदा?"

आमच्या मंडळीचे एक वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले की लोकांच्या पायाला मुंग्या यायच्या. मावशी सरळ त्यांच्या दारात गेल्या. "भाऊ, माफ करा. तुमी डोये मिटून बोलत होते अन् मी मनात म्हनत होती, आता आमेन करा ना बाप्पा!" भाऊ महिनाभर घुश्शात होते, पण प्रार्थना आखूड झाली. सगळ्या मंडळीनं मनातल्या मनात मावशींचे आभार मानले. शेवटी पाद्रीसाहेबांनी त्यांना समजावलं, "मावशी, मनातलं देवाला सांगा की. घरोघर कशाला वाटता?"

"साहेब, देवाले तं आधीच मालूम हाये. ज्याले मालूम नाई त्याले सांगून राहिली."

पाद्रीसाहेबांनी हात जोडले.

मावशींचा एकुलता एक मुलगा प्रशांत अकोल्याला नोकरीला होता. लग्न झालेलं, बायको सपना मूर्तिजापूरची, बडबडी, गोड पोरगी. रोज संध्याकाळी मावशी फोन लावायच्या आणि मुलाच्या आधी सुनेला विचारायच्या, "जेवली का वं?" आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ते ऐकू यायचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एक दिवस प्रशांत आंघोळीला गेला आणि तिथंच कोसळला. हृदयानं दगा दिला. दफनाला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. मावशी रडल्या नाहीत. सपनाचा हात धरून कबरीपाशी उभ्या होत्या. काय धीराची बाई, असं जो तो म्हणत होता.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमची कडी वाजली नाही. दुःखात आहेत, सुचलं नसेल, असं मला वाटलं. पण चर्चमध्ये ताट मावशींच्या हातात आलं आणि त्यांनी भाकर न घेताच ते माझ्याकडे सरकवलं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. पाणचट वरणासाठी सकाळी सकाळी कडी वाजवणारी बाई ही! शिवाय त्यांना एका जागी बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायच्या. उपदेश चालू असताना उठून बाहेर कडुलिंबाखाली येरझारा घालायच्या. लोक म्हणायला लागले, मार्थाबाई देवावर रुसल्या. ते ऐकून मी तडक त्यांच्या ओट्यावर गेले आणि तोंडावर विचारलं.

"देवावर काहून रुसू वं?" त्या म्हणाल्या. "पेटी खाली सोडली, सपनाचा हात माह्या हातात, अन् माह्या मनात आलं... पांढऱ्या पायाची."

आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईला कुणी हा शब्द वापरला, तर त्या माणसाला वॉर्डाबाहेर काढणाऱ्या मावशी होत्या या.

"तोंडातून नाई काढलं. पन आलं तं माह्याच मनातून ना? सांगतलं तं पोट्टी जित्तेपनी मरीन. नाई सांगतलं तं ताटाले हात कसा लावू?"

"नका सांगू," मी म्हटलं. "काही गोष्टी न सांगण्यातच शहाणपण असतं."

"तू तं असंच म्हनशीन," त्या चिडून म्हणाल्या आणि पुन्हा झाडू घेतला.

एका महिन्यात कडी शनिवारीच वाजली. "चाल, अकोल्याले." उद्या पहिला रविवार होता. गाडीत जागा असून मावशी बसेनात. दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. मूर्तिजापूर आलं तशी पर्स काखेत मारली, "उतर. वापस जाऊ." मी त्यांचा पदर धरून ओढला. "मावशी, बसा चुपचाप! एवढं तरी माझं ऐका!" त्या बसल्या, पण अकोला येईपर्यंत ओठ हलत होते. "तोंडातलं बी तुलेच, मनातलं बी तुलेच," ही त्यांची नेहमीची प्रार्थना. त्या दिवशी ती पुढं सरकतच नव्हती.

सपनानं चहा ठेवला. मावशींनी कपाला हात लावला नाही. "सपना, माफ कर मले. मी मनात..."

"नका सांगू, आई."

"सांगू दे वं."

"मले मालूम हाये."

मी चपापले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणून मान हलवली. मी कशाला सांगायला जाते!

"शब्द नाई मालूम," सपना म्हणाली. "पन हे गेल्यापासून तुमी मले 'जेवली का' इचारलं नाई. 'सगळं ठीक ना?' म्हनता अन् फोन ठेवता. मंग समजतेच ना, आई. अन् तुमी जे म्हनलं असन, ते मी बी रोज सोताले म्हनून राहिली."

स्वतःच्या मनातलं झाडून सगळं सांगणाऱ्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा मनातला शब्द मनातच ठेवला. मावशी सरकत सरकत सपनाजवळ गेल्या, तिच्या गालावरून हात फिरवला.

"जेवली का वं?"

दुपार कलली होती आणि सपना जेवली नव्हती. मावशींनी साडीचा पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. रडत होत्या आणि मळत होत्या.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या चर्चमध्ये त्या दोघी शेजारी बसल्या. ताट आलं. मावशींनी भाकर घेतली. परतीच्या गाडीत खिडकीशी शांत बसून म्हणाल्या, "मी समजत होती, तोंड बंद ठेवलं तं तिले समजनार नाई. मनातलं गप्प नाई बसत वं. ते कुठूनबी बोलते."

त्यानंतर फोनही पूर्ववत झाला आणि आमची कडीही. वरणाचा उद्धार परत सुरू झाला. मला इतकं हायसं कशानंच वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. चार दिवसांचा ताप, सपनाच्या मांडीवर डोकं. पहिला रविवार आला की मी उगाच लवकर जागी व्हायचे. आपल्याबद्दल कोण मनात काय म्हणतं, ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

परवाच्या पहिल्या रविवारी मात्र कडी वाजली. मावशींचं घर आवरायला सपना आदल्या रात्री आली होती. पायरीवर उभी, काखेत पर्स.

"ताई, माफ करा. मी तुमच्याबद्दल मनात वाईट बोलली."

"काय बोललीस?" सवयच ना मेली!

"म्हनली, आई होत्या तंवर ताईले माहा पुळका होता. आई गेल्या अन् एक फोन बी नाई केला या बाईनं."

मला असा राग आला म्हणून सांगू! सकाळी सकाळी दारात येऊन हे बोलते? उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. ती तशीच उभी, बसायला तयार नाही.

"जेवली का वं?" मी विचारलं.

इतक्या सकाळी कुणी जेवतं का? पण ती हसली, डोळे पुसले, आणि चपला काढून आत आली.