मी वाजवलेली शिट्टी

"तिथे उभा राहा. हलू नकोस."

कोच इंग्रजीत एवढंच बोलला. मी उभा राहिलो. अंगात साधा टी-शर्ट. समोर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड घातलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं. एकेक जण धावत यायचा, मला आडवा करायचा. मी उठायचो. पुढचा यायचा. कडेला खुर्च्यांवर पालक बसले होते. हसत होते. एक बाई शूटिंग करत होती.

अबुधाबीतली खासगी शाळा. १९९८ साल. तेलकंपन्यांतल्या अमेरिकनांची मुलं तिथे त्यांचा फुटबॉल खेळायची, लांबट चेंडूचा, अंगावर तुटून पडायचा. मी विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेला. शाळेने मला असिस्टंट कोच म्हणून आणलं. कागदावर असिस्टंट कोच. मैदानावर धक्के खायची गोणी.

तरी मी तो खेळ शिकलो. वाकून घोटा कसा पकडायचा, ते पोरांना आपल्या कबड्डीतून शिकवलं. त्या वर्षी टीम जिंकली. फोटोच्या वेळी कोच म्हणाला, "तू जरा बाजूला हो."

मी अ‍ॅडमिन मॅनेजरकडे गेलो. पुण्याचे गृहस्थ. मराठी माणूस, म्हणून गेलो. त्यांनी फाइलवरच्या माझ्या आडनावावर बोट ठेवलं.

"अहो, तुमच्या लोकांना अबुधाबी बघायला मिळाली, हे काय कमी आहे?"

मग चहा मागवला. एकच. स्वतःसाठी.

मी गप्प बसलो. लिहिताना लाज वाटते, पण बसलो. व्हिसा त्यांचा. पासपोर्ट त्यांच्या कपाटात.

पुढचा सप्टेंबर. दुपारचे चार. हवा ओली, जड, श्वासात अडकणारी. आदल्या दिवशी मॅच हरलो होतो, म्हणून कोचने सरावात पाणी बंद केलेलं. डॅनी नावाचा पोरगा, टीममधला सगळ्यात धिप्पाड. त्याचा घाम थांबला होता. सगळे निथळत होते आणि याचे हात कोरडे, लालबुंद. मग तो उलट्या बाजूला धावला. उभा राहून एकटाच हसला. मी कोचकडे धावलो.

"सर, याला थांबवा."

"तुझं काम काय आहे?" कोच म्हणाला. "जा. उभा राहा तिथे."

तेव्हा मला कळलं. या माणसाला मी गोणी होतो, आणि हा गोरा पोरगाही गोणीच होता. फरक एवढाच, की पोराला 'थांबवा' म्हणण्याची शुद्ध उरली नव्हती. मला होती.

मैदानाच्या कडेला टेबलावर कोचची जादा शिट्टी पडली होती. मी ती उचलली आणि जोरात वाजवली. आख्खी टीम थांबली. मी डॅनीचं हेल्मेट काढलं, त्याला सावलीत ओढलं, पाण्याच्या पिंपातला सगळा बर्फ त्याच्या अंगावर ओतला. तो आईला हाका मारत होता. कोच दुरून बघत राहिला. अँब्युलन्स मीच बोलावली.

पोरगा वाचला. चार दिवस आयसीयूत होता.

पाचव्या दिवशी ऑफिसात माझ्यासमोर टाइप केलेला माफीनामा आला. सरावात अधिकार नसताना हस्तक्षेप केला, असा. मॅनेजर म्हणाले, "सही करा. नाहीतर व्हिसा कॅन्सल. खलास."

"मुलगा जिवंत राहिला, त्याची माफी मागू?"

"हा मोठेपणा गावी जाऊन दाखवा."

मी पेन खाली ठेवलं.

मला परत पाठवलं. वर दोन वर्षं त्या देशात यायला बॅन. ती दोन वर्षं गावात लोक विचारायचे, असं काय केलंस बाबा तिकडे? तिसऱ्या वर्षी शारजात एका क्लबने बोलावलं. आता मी तिथे कोच आहे.

गेल्या महिन्यात इंग्रजी पेपरात अबुधाबीच्या त्या कोचचा फोटो पाहिला. तिकडे अमेरिकेत, त्याच्या जुन्या कॉलेजने त्याचा सत्कार केला. तिथेच खेळलेला, आता तिथलाच हेड कोच. फोटोत तो हसतो आहे. त्याच्या मागे तीस-चाळीस नवी पोरं, उन्हात डोळे बारीक करून उभी.

मी बसून सगळं लिहून काढलं आहे. वार, वेळ, कोण काय बोललं, पाणी कुणी बंद केलं. इंग्रजी मोडकं आहे, असू दे. पहिली प्रत त्या कॉलेजला गेली. उत्तर नाही. दुसरी उद्या जाईल, मग तिसरी. त्या पोरांच्या घरचे पत्ते मिळवीन, त्यांच्या आयांना पाठवीन. तो ज्या मैदानावर जाईल, तिथे माझा कागद जाईल.

या वेळी खाली सही आहे. माझ्या पूर्ण नावाची, आडनावासकट.