सुरण आणि चिंच

आज सुरण चिरताना हाताला खाज सुटली. चिंच भिजवून चोळायला घेतली आणि त्या आंबट वासासरशी पुण्यात बिबवेवाडीतली आमची भाड्याची खोली आठवली.

लग्न होऊन मी नागपूरहून नुकतीच आले होते. नवरा कामावर, शेजारी कुणी ओळखीचं नाही, आईचा फोन लागत नव्हता. शेवटी कॉम्प्युटरवर मराठी गप्पांच्या एका साइटवर विचारलं, "सुरण चिरून हात खाजतायत. काय करू?"

"मग टाइप कोण करतंय?" पुण्याच्याच कुणीतरी लिहिलं. त्याने स्वतःचं नाव 'खवचट' ठेवलं होतं. एका बाईंनी लिहिलं, "अहो, चिंच चोळा. घरात विचारायला कोणी नाही का?"

"नाही," मी लिहिलं.

मग 'खवचट'ने लिहिलं, "आम्ही आहोत की. चोळा चिंच."

मी स्वयंपाकघरात गेले, चिंच शोधली, भिजवली, चोळली, हात धुतले आणि येऊन कळवलं, "चोळली."

लगेच उत्तर आलं, "आता कीबोर्ड पुसा."

काय आगाऊ माणूस आहे, असं तेव्हा वाटलं होतं. आज चिंच चोळताना लक्षात आलं, मी परत येईपर्यंत तो तिथेच थांबला होता.