केसकाकांची आखडलेली मान

कार्टूनच्या स्टुडिओत त्यांना केसकाका म्हणत ते कामामुळे. डोक्याकडे बघून म्हणावं अशी सोय नव्हती. डाव्या कानावर वाढवलेली एक बट रोज सकाळी तेलाने चोपडून उजव्या कानापर्यंत न्यायची आणि दिवसभर तिला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच वैभव शिल्लक होतं. पन्नाशी उलटलेला हा माणूस चित्रातल्या पोरींच्या केसांची काळजी मात्र जन्मभर वाहत आला.

सध्या त्यांचा जीव एका नायिकेत अडकला होता. लांब केसांची ही पोर दारातून बाहेर पडताना मागे वळून बघते, एवढाच चार सेकंदांचा प्रसंग. चेहरा झकास वळायचा; केस मात्र डोक्यावर टोपी फिरवावी तसे फिरायचे. चित्र पडलं सपाट, आणि दिग्दर्शकबाईंना केस हवेत भरीव.

"शुक्रवारपर्यंत जमतंय का बघा," बाई म्हणाल्या, "नाहीतर तिचे केस कानापर्यंत कापून टाकू."

सख्ख्या लेकीने टक्कल करते म्हटलं असतं, तरी काका एवढे हबकले नसते.

शुक्रवारी सकाळी आरशासमोर बट बसवत असताना मागून बायको म्हणाली, "समोरून बरं दिसतं हो. वळलात की कळतं."

"काय कळतं?"

"मागे काहीच नाही ते."

एरवी त्यांनी दोन दिवस अबोला धरला असता. आज अर्धा चहा टाकून स्टुडिओत पळाले. नायिकेच्या केसांचे त्यांनी तीन थर केले: कपाळावरची झुलपं, कानाजवळच्या बटा आणि मानेमागचा गडद पडदा. मान उजवीकडे वळली की झुलपं उजवीकडे सरकायची, मागचा पडदा डावीकडे, आणि शेंडे सगळ्यांच्या शेवटी रमतगमत पोचायचे. पोर वळली आणि तिच्या केसांना पाठपोट आलं.

बाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "सिनेमाभर हे एकट्याच्याने होणार नाही. या चौघा चित्रकारांना आज शिकवलंत, तरच केस ठेवते."

काकांनी फळ्यावर बाण काढले. चौघं माना डोलवत राहिले आणि चित्रात टोप्याच फिरवत राहिले. चार वाजले. बाई घड्याळाकडे बघू लागल्या. शेवटी काका उठून खिडकीच्या उजेडात उभे राहिले.

"माझ्याकडे बघा. समोरून केस दिसतात ना?"

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकांनी चारचौघांत मान सावकाश वळवली, पार खांद्यापर्यंत.

"आता बघा. पुढे बट आहे, मागे थरच नाही. म्हणून सगळं वरून ठेवल्यासारखं वाटतं."

तासाभरात चौघांनाही जमलं. नायिकेचे केस वाचले. काका मात्र लाल कानांनी खुर्चीत बसून हसण्याची वाट बघत होते. कोणी हसेना. अखेर चौघांतली सगळ्यात धाकटी म्हणाली, "काका, बटेचं आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग एवढं जपून का वागायचात माझ्याशी?"

"ते मानेमुळे. तुम्ही अख्खे वळायचात, मान कधीच वळवायचा नाहीत. आम्हाला वाटायचं, कायमची आखडलीय. म्हणून तर बाईंनी तुमच्या एकट्याच्या खुर्चीला उंच पाठ करून घेतली."

काकांनी मान वळवून खुर्चीची पाठ बघितली. बट घसरून कानावर आली. ती त्यांनी तशीच राहू दिली.