गिला म्हणजे गिला

अंबागेटापाशी नत्थुजीचा गिल्या वड्याचा गाडा, आणि त्याला खेटून माझं 'शालिकराम सायकल मार्ट'. शेजार कसला, शिक्षाच ती! चार वाजले रे वाजले की माझ्या कानाशी तोफ सुटायची, "गिलाऽऽ वडा! एक खाय, दुसरा माग, तिसऱ्यासाठी उभा राय!" पंक्चर काढताना हात दचकायचा. मी खेकसायचो, "अबे, हळू ना! मी काय धामणगावले बसलो काय?" तो हसायचा आणि आणखी मोठ्यानं ओरडायचा.

वडा मात्र असा, की बस! उडदाचा, दह्यात पार भिजलेला, वरून जाळ चटणी. पण त्याला दहीवडा म्हणाल तर अंबागेटात तुम्हाला कोणी उभं करणार नाही. गिला म्हणजे गिला.

नत्थुजी मूळचा अंजनगावकडचा. घरी वावर होतं, पण नांगरामागं चालायचं तर तोंड बंद ठेवावं लागतं, आणि ते याला जमणार कसं? वडे तो तळायचा, डाळ वाटायची मैनाबाई, त्याची बायको. लहानपणी देवी आल्या त्यात तिचे डोळे गेले. नवऱ्याचं तोंड तिनं कधी पाहिलंच नाही. तिच्यासाठी नवरा म्हणजे ती हाक. मागच्या गल्लीतल्या घरात हाक पोचली की म्हणायची, "सुरू झाले आमचे."

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. मुंबईची फिल्मवाली मंडळी जीप घेऊन आली. गावोगावचं खाणं दाखवणारी छोटी फिल्म काढत होते, मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायची. आमच्या अमरावतीला त्यांनी दिला अर्धा दिवस. अर्धा दिवस! पण त्यातही त्यांनी नत्थुजीला शोधून काढलं. मग काय विचारता! माझ्या सायकलींवर माणसं चढली, दोन चाकं वाकडी झाली, आणि मलाच कुठं शुद्ध होती? मीही पंप हातात धरून टाचा उंचावून उभा.

नत्थुजीनं नवा पटका बांधला होता. कॅमेऱ्याला चावी दिली, साहेबांनी हात हलवला, आणि गड्यानं अशी हाक दिली की टांग्याचं घोडं बिथरलं.

"सायेब, आवाज बराबर आला ना?"

साहेब हसले. "अहो, या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. फक्त चित्र. मागून आमचा निवेदक बोलेल."

नत्थुजीचं तोंड एवढंसं झालं. जीप गेल्यावर मला म्हणाला, "शालिकराम, मी मैनाले सांगून बसलो बे. तुले दिसत नाही तं काय झालं, म्हटलं, टॉकीजमधी माही हाक आयकजो. लुगडं काढून ठेवलं तिनं!"

"मंग सांगून टाक खरं काय ते."

"तू सांग. हाये हिंमत?"

नव्हती. मैनाबाई माझ्या बायकोला भेटली की एकच विचारायची, "आला काय वं आमचा सिनेमा?" आणि एक दिवस खरंच आला. नत्थुजी धावत दुकानात. "आयक. बाया वर बाल्कनीत बसतेत, आपण खाली. माहा फोटो आला की मीच खालून हाक देतो. तिले काय समजते?"

"वा रे अकलेच्या कांद्या!" मी म्हटलं. पण दुसरं काही मलाही सुचेना.

तीनचा खेळ. अख्खं अंबागेट लोटलं होतं. माझी बायको मैनाबाईला घेऊन वर गेली. दिवे विझले. कुठलंकुठलं खाणं आलं, गेलं, आणि मग आलं आपलं अंबागेट! शिट्ट्या, टाळ्या, ती पहा माझी पाटी! आणि पडदाभर नत्थुजी, हा मोठा आ वासलेला. मागून काय, तर सतार!

"दे! दे ना हाक!" मी त्याला कोपरानं ढोसलं.

गडी गारठला होता. एवढा मोठा नत्थुजी त्यानं तरी कुठं पाहिला होता? पडद्यावरही आ वासलेला, खुर्चीवरही आ वासलेला, आवाज कुठूनच नाही. वर ती बाई कान देऊन बसली असेल.

तेवढ्यात निवेदक मधाळ आवाजात बोलला, "आणि हा अमरावतीचा चविष्ट दहीवडा."

दहीवडा! माझं टाळकंच फिरलं. खुर्चीवर चढलो. "कोण बे दहीवडा म्हणते? गिला वडा हाये तो, गिला!" आणि रागाच्या भरात तोंडातून सुटलं, "गीऽऽला वडा! एक खाय!"

"दुसरा माग!" खालची सगळी टॉकीज ओरडली.

"तिसऱ्यासाठी उभा राय!" हे बाल्कनीतून, बायांकडून!

पुढचं गाव पडद्यावर आलं तरी हाक चालूच. मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आला, पण ऐकतो कोण? वर्षानुवर्षं ज्या हाकेला शिव्या घातल्या ती मी गळा फाटेस्तोवर देत होतो, आणि मजा वाटत होती राजेहो, काय सांगू!

खेळ सुटल्यावर मैनाबाई जिना उतरून आली. चेहरा फुललेला. नत्थुजी चाचरत म्हणाला, "आयकली ना माही हाक?"

"आयकली. मस्त होती." मग ती माझ्या दिशेनं वळली. "पण शालिकराम भाऊ, हे 'ला' लांबवतेत. तुमी 'गी' लांबवली."

माझी बायको पदरात हसली.

"अन् तुमी काहून मुके बसले होते?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"पडद्यावर मी लय मोठा दिसून राहिलो होतो, मैना. घसाच बसला."

"आता उठला?"

"उठला."

"मंग द्या."

टांग्यांच्या त्या गर्दीत नत्थुजीनं हाक दिली. अर्ध्यातच त्याला रडू फुटलं, आवाज फाटला, पण त्यानं ती शेवटपर्यंत नेली. लोक थांबून बघत राहिले.

"हां," मैनाबाई म्हणाली. "हे आमचे."