कार्ब्युरेटरचे लाड

आमच्या जुन्या गाडीचं कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन काढून माझ्या नवऱ्याने तिला हाताने जुळवायचा जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर बसवला, तेव्हापासून माझी सकाळ पेट्रोलच्या वासाने उजाडते. आधी किल्ली फिरवली की गाडी निमूट सुरू व्हायची. "अगं, ती कॉम्प्युटरचं ऐकते, आपलं नाही," हे त्यांचं दुःख! आता ऐकवा म्हणावं हवं तेवढं. लग्नाला निघालेली मी ठेवणीतली साडी नेसून स्टिअरिंगवर बसते आणि हे बॉनेटमध्ये डोकं घालून स्क्रू पिळत ओरडतात, "रेस दे... सोड... आता हळूच दे!" गाडी खोकते, गचके खाते, बंद पडते. तिकडे अक्षता पडून पंगती उठतात. सुखाने चालणारी वस्तू माणसाला का सोसवत नाही, देव जाणे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं, एवढीच हाव असते की काय?

आज मात्र गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि एका लयीत चालत राहिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. हे मात्र हातात पाना घेऊन नुसतेच उभे, लेक सासरी धाडलेल्या बापासारखे. मला बघवेना. चरफडतच मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "काहीतरी खडखडतंय हो. बघा जरा."