शेजारच्या बोअरचं पाणी

शेजारच्या बोअरला पाणी लागलं ते एकशे दहा फुटांवर. तोवर यंत्रातून राखाडी भुकटी उडत होती. ती एकाएकी चिखल होऊन उसळली आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर डाग पडले. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी मला त्या डागांचाही हेवा वाटला.

विश्रांतवाडीतल्या आमच्या ओळीत नळाला दिवसाआड पाणी यायचं. उन्हाळ्यात त्याचीही खात्री नसायची. मग आमची अंघोळ टँकरवाल्याच्या मर्जीवर. शेजारी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, अमरावतीकडचा, हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात केस पांढरे केले तेव्हा कुठे घर झालं. त्याचं लग्नाआधीच झालं. मग गाडी आली, आणि आता पाणीही. वर मला 'काका' म्हणायचा.

"अहो, आता आपणही बोअर घेऊ," बायको म्हणाली.

मी घाई केली नाही. त्याचाच भूगर्भतज्ज्ञ बोलावला. त्यानं जमिनीत सळया रोवल्या, यंत्र लावलं आणि सांगितलं, "खाली काळा पाषाण आहे. पाणी दगडात नसतं, दगडाच्या भेगांत असतं. भेग सापडली तर सापडली." शोषखड्ड्यापासूनचं अंतर मी स्वतः टेप लावून तपासलं. रीतसर परवानगी काढली, ती दोनशे फुटांची मिळाली. बोअरवालेही त्याचेच बोलावले. त्याच्या बोअरपासून आमची खूण जेमतेम तीस फुटांवर. जे त्याला लागू होतं, ते सगळं मलाही लागू होतं.

पाणी लागलं की ओळीत पेढे वाटायचे अशी पद्धत पडली होती. मिठाईचं दुकान दुपारी बंद, आणि माझ्या अंदाजानं पाणी लागणार ते नेमकं त्याच वेळेत. म्हणून पेढे मी सकाळीच आणून ठेवले.

एकशे दहा फूट झाले. भुकटी. दीडशे झाले. भुकटीच. मध्ये एकदा ती तांबूस झाली, तेव्हा बायकोनं हळदकुंकवाचं ताट उचललं. परत राखाडी झाली, तेव्हा खाली ठेवलं. दोनशेला बोअरवाल्यानं यंत्र थांबवून विचारलं, "साब, और नीचे जाना है? मिल भी सकता है."

शेजारी भिंतीवर कोपरं टेकून बघत होता. "जाऊ द्या ना काका खाली. कोण मोजून राहिलं?"

"मी," मी म्हणालो.

बोअरवाले नळ्या वर ओढू लागले. शेजारी भिंतीवरून सरळ झाला. मग म्हणाला, "आमच्या मोटरवरून पाइप टाकू का तुमच्याकडे? रोज एक टाकी भरून देतो."

'बघू' हा शब्द माझ्या ओठांवर होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "आजच टाका." आणि आत जाऊन पेढ्यांचा पुडा आणून तिनं त्याच्या हातात ठेवला.

"काकू, पेढे कशाचे? पाणी तर लागलं नाही."

"लागलं की. तुमच्याकडून."

त्यानं दोन पेढे खाल्ले. तिथेच, माझ्यासमोर.

संध्याकाळी आमच्या टाकीत त्याचं पाणी पडायला लागलं. तीस फूट. इतक्या अंतरात ती भेग वळली तरी कुठे, हे मी तज्ज्ञाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, दगडाला कंपाउंड दिसत नाही." उत्तर बरोबर होतं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या पाण्यानं अंघोळ केली. बऱ्याच महिन्यांनी बादली काठोकाठ भरली होती.

"कसं आहे हो पाणी?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"जड आहे. साबणाला फेस येत नाही."

"माझ्या कपड्यांना तर भरपूर आलाय."

माझ्याही कोपरापर्यंत फेस होता. मी आणखी एक तांब्या अंगावर घेतला.