पुकारल्याशिवाय आई उठत नाही

माझा धाकटा भाऊ विमानतळावर प्रवासी अनुभव विभागात साहेब आहे. हे त्याच्या कार्डावर छापलेलं आहे आणि आमच्या आईला ते तोंडपाठ आहे, अर्थ तेवढा विचारू नका. मी घोडेगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे. गाडी आली की वहीत लिहायची, फलाटाला लावून घ्यायची, माईकवर पुकारायची आणि मधल्या वेळात भांडणं सोडवायची. माझ्या खिडकीसमोरूनही दिवसभर प्रवासी जातात आणि त्यांना चांगले दणकून अनुभव येतात, पण त्याला कुणी विभाग म्हणत नाही.

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच शोधत बसायला नको. भावाचं चांगलं झालेलं बघून माझ्या पोटात दुखतं. लहानपणापासून दुखतं. दोघांत अभ्यासात हुशार मी होते, हे शाळेतल्या गुरुजींनीही आईला सांगितलं होतं. पण शिकायला पुण्याला पाठवायची वेळ आली तेव्हा तो गेला. मी कंडक्टर झाले, आठ वर्षं घाटातल्या गाड्यांवर तिकिटं फाडली, मग स्टँडवर आले. तो इंजिनियर झाला, त्यावर आणखी कसलीशी डिग्री केली आणि दूरच्या मोठ्या शहरात विमानतळावर लागला.

आई वर डोंगरात आहुप्याला एकटी राहते, भात आणि नाचणी करते. तिच्या गोळ्या, तिचं रेशन, तिचा आधार कार्डाचा न उमटणारा अंगठा, हे सगळं माझ्याकडे. कौतुक मात्र त्याच्याकडे. घरी पावणं आलं की आई सुरू करते, "माझा ल्योक इमानतळावर हाय." मी तिथंच चहाची कपबशी धरून उभी असते. माझा विषय निघतो तो एवढाच, की ही पाणी आणून देईल.

आता आमच्या स्टँडची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डोंगरातली माणसं सकाळच्या गाडीनं खाली येतात. कुणाचं तहसीलमध्ये काम, कुणाचं पंचायत समितीत, कुणाला बियाणं न्यायचं. दुपारची आहुपे गाडी चुकली तर मग थेट संध्याकाळची मुक्कामी. त्यामुळे सकाळी कोण कोण उतरलं ते मी डोक्यात ठेवते आणि दुपारी एकेकाला हुडकून पुकारते. "आहुपे गाडी लागली दोन नंबरला. गोणीवाले भाऊ, चहा पुरे झाला, या. तहसीलला गेलेले बाबा आले का, त्यांच्याबरोबरचं कोण हाय?" ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, मी त्याला खिडकीतून हात दाखवते. माणूस मोजून आत बसल्याशिवाय माझी गाडी हलत नाही. म्हणून आमच्याकडं कुणी पाटी बघत नाही की घड्याळ बघत नाही. खुशाल बसतात, मी पुकारलं की उठतात.

सगळ्यांत वाईट खोड आमच्या आईची. रसवंतीच्या कडेच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसणार. गाडी तिच्या नाकासमोर उभी, सगळं गाव आत बसलेलं, आणि ही भलतीकडंच बघतेय. मी माईकवर "आई, गाडी लागली, चल" म्हटलं की मग उठणार. लई राग यायचा मला. एकदा खिडकीतूनच ओरडले, पाच फुटांवर गाडी आहे, दिसत नाही का तुला? तर म्हणाली, "दिसती की. पण तू कुठं पुकारलं?"

मागच्या एका दिवाळीला भाऊ आला होता तेव्हा दोन दुपारी माझ्या स्टँडवर येऊन बसला. मोबाईल वर धरून शूटिंग करत होता, मधूनच काहीतरी टिपून घेत होता. मला काय वाटलं असेल सांगा. वाटलं, अखेर ह्याला बहिणीचं काम बघावंसं वाटलं. मी त्याच्यासाठी गरम भजी मागवली. रोज जेवढं पुकारते त्याहून चार शब्द जास्तच पुकारले, तेही जरा ठसक्यात.

उन्हाळ्यात तो पुन्हा आला आणि आईकडं जेवताना लॅपटॉप उघडून माझ्यापुढं ठेवला. त्यानं म्हणे त्यांच्या विमानतळावर नवीन पद्धत आणली होती. तिथं आता पुकारा बंद. कुठलं विमान कुठल्या दारातून, हे पडद्यावर येतं आणि मोबाईलवर मेसेज येतो. कुणाचं नाव घेऊन हाक मारणं नाही, लाउडस्पीकर नाही, सगळं शांत. हे त्यानं मोठमोठ्या लोकांच्या सभेत समजावून सांगितलं होतं आणि त्या सभेची फिल्म मला दाखवत होता. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते माझं. खाकी ड्रेस, तोंड वासलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज तर असा की लॅपटॉप थरथरला. खाली लिहिलं होतं, 'आधी'. सभा हसली. मग काचा, चकचकीत फरशी, कॉफी पीत बसलेली शांत माणसं. खाली लिहिलं होतं, 'नंतर'.

"ताई, लोकांना लई आवडलं. माझ्या भाषणाची सुरुवातच तुझ्यापासून झाली," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हेच तर डोक्यात जातं. वाकडं असतं तर भांडता आलं असतं. मी एवढंच विचारलं, की पुकारत नाहीत तर म्हाताऱ्या माणसाला कळायचं कसं? तो हसला. म्हणाला, आवाज हा प्रवाशाच्या मनावरचा ताण असतो, ताई. म्हणजे मी इतकी वर्षं आंबेगाव तालुक्याच्या अर्ध्या डोंगराला ताण देत बसले होते.

आई तिथंच भाकरी थापत होती. तिला लॅपटॉपमधलं काय कळलं कोण जाणे, पण म्हणाली, "बघ, समदं कसं गुमान केलं माझ्या लेकानं." मी ताटावरून उठले.

त्यानंतर त्यानं आईला आठ दिवस तिकडं नेलं. मला बोलावलं नाही. तुला रजा कुठली मिळणार, असं माझ्यासाठी त्यानंच ठरवून टाकलं. गावातून आईला निरोप द्यायला माणसं जमली होती. नवं लुगडं, पिशवीत घरचा तांदूळ आणि नाचणीचे पापड. पिशवी बांधून मी दिली. तिच्या फोनवर एक दाबला की मला लागतो आणि दोन दाबला की त्याला, हे पुन्हा एकदा तिच्याकडून म्हणून घेतलं. जाताना भाऊ न्यायला आला होता, येताना ती एकटी विमानानं पुण्यात उतरणार होती आणि तिथून त्यानं ठरवलेली गाडी तिला घरी सोडणार होती. आठही दिवस फोनवर माझ्या कानावर एकच. फरशी एवढी गुळगुळीत, जिने आपले आपण चालतात, आणि त्याला समदी सलाम करतात. मी हं हं म्हणत वहीत गाड्या लिहीत होते.

येण्याच्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. आई होती.

"अगं, मी दारापाशी बसलेय. तो मघाशी बसवून गेला. त्याचं मोठं साहेब यायचं हायती, त्येंच्यामागं गेला. म्हणाला, पडद्यावर हिरवं झालं की लोकांमागं जा. आता हिरवं झालंय. लोकं बी उठल्यात. पण पुकारलं न्हाई अजून. उठू का?"

मला माहीत होतं. त्या विमानतळावर कुणी पुकारणार नाही, हे आईच्या सगळ्या गोतावळ्यात मला एकटीला नीट माहीत होतं. 'आधी'च्या चित्रातली बाई मीच होते ना. तिला ऊठ म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या क्षणी सभेचं हसणं माझ्या कानात आलं, आणि वाटलं, होऊ दे त्याची जराशी फजिती. येईल कुणीतरी धावत, हुडकील हिला, आणि कळेल त्याला की माणसाला हाक लागते. विमान माणूस टाकून खरंच निघून जाईल, असं वाटलं नव्हतं. आमची एसटी थांबते, तर ते काय थांबणार नाही?

मी म्हणाले, "पुकारतील. बस तू."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर समोरच्या घड्याळाकडं माझी नजर तीनदा गेली. एक तळेघर गाडी लावली, एक मंचरची सोडली. परत फोन करायला भरपूर वेळ होता. केला नाही.

मग भावाचा फोन आला. आवाज पार बसला होता. "ताई, आईचं विमान सुटलं गं." तिकीट त्यानंच काढलेलं, म्हणून विमानाचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर येत होते, आणि साहेबांपुढं त्यानं फोन गप्प करून खिशात ठेवला होता. ज्या पोरीला आईवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं तिची पाळी बदलली. साहेब लोक नवीन पद्धत बघत बघत नेमके त्याच दारापाशी आले, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि मधोमध एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. साहेबांनीच विचारलं, ह्या आजी कोण?

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हणालो, माझी आई आहे. सगळ्यांसमोर तिच्या पायाशी बसलो आणि रडलो."

मी "अरेरे" म्हणाले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घटकाभर उसाचा गार रस प्याल्यासारखं बरं वाटलं. आणि लगेच तेही नासलं, कारण मनात आलं, बघा, ह्यातही तोच मोठा. सगळ्यांसमोर आईच्या पायाशी बसणारा तो, आणि तिला बसवून ठेवणारी मी. पुढं महिन्याभरात त्यानं एक नवीनच काढलं. एकटं म्हातारं माणूस असेल तर तिथला एक जण जवळ येऊन, खांद्याला हात लावून, चला आजी म्हणून सांगतो. त्याचंही तिकडं लई कौतुक झालं. माझ्या पापाचंसुद्धा बक्षीस त्यालाच मिळालं.

पण त्या संध्याकाळी हे काही सुचत नव्हतं. आईची दुपारची गोळी जेवणावर घ्यायची असते, तिनं त्या काचघरात काय खाल्लं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. फोन उचलला की हात मागं यायचा. तिला विचारायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला स्वतः विमानात बसवून दिलं. पुण्याहून गाडी थेट आहुप्यापर्यंत जाणार होती, पण आईनं ती घोडेगावच्या स्टँडवरच सोडून दिली. इथून मी माझ्या गाडीनं जाते म्हणाली. मी तिला ऑफिसात बसवून चहा दिला. गाडीला अजून अवकाश होता. तिनं पिशवीतून विमानात मिळालेलं बिस्किट काढलं. तुला ठेवलंय म्हणाली.

मी म्हणाले, "तो म्हणत होता, तुझा डोळा लागला."

"मीच तसं सांगितलं त्येला."

"म्हणजे झोपली नव्हतीस?"

"मी कशाला झोपते? टक्क जागी व्हते. समदी लोकं त्या दारातनं गेली. दार लावून घेतलं, ते बी बघितलं."

"मग उठली का नाहीस गं?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच येडी. "तू बस म्हणालीस की. त्येचं इमानतळ हाय, असंल मोठं. पण गाडीत कवा बसायचं, ते मी तुझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई."

बशीतला चहा तिनं फुंकून प्यायला. मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मग त्याला खोटं का सांगितलंस?"

"तुझं नाव सांगितलं असतं तर तो तुला बोलला असता. तू कुठं बघितलंय इमानतळ? तुला तरी काय ठाव? चुकतं माणसाचं." एवढं बोलून तिनं पिशवी उचलली आणि रसवंतीच्या कडेच्या बाकावर जाऊन बसली.

आहुपे गाडी आली, दोन नंबरला लागली. माणसं चढली. आई भलतीकडं बघत बसली होती, आणि आज मला तिचा राग आला नाही, माझाच आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी माईकचं बटण दाबलं. "आहुपे गाडी लागली दोन नंबरला," म्हणाले. मग बाकाकडं बघून म्हणाले, "आई, चल."

ती लगेच उठली. पाटीकडं बघितलं नाही, गाडी कुठली ते कुणाला विचारलं नाही. खिडकीशी बसली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. गाडी फाटकाच्या बाहेर पडली तेव्हा मी बटण सोडलं, आणि बंद माईकसमोर म्हणाले, "आई, चुकून नाही गं झालं."